अशील, सेवक आणि विचारणारा : डेटाबेसशी जोडणीच्या परिभाषेचा इतिहास

संस्कृत काव्यशास्त्रात लक्षणेचे रूढीवर आधारलेली आणि प्रयोजनावर आधारलेली असे दोन प्रकार मानले जातात. त्यांपैकी पहिल्याचे उदाहरण म्हणून मम्मटाने 'कुशल' हा शब्द घेतला आहे. कुश म्हणजे दर्भ. तो नेमका निवडून आणणारा तो कुशल. आणि त्यावरून कोणत्याही कामात निपुण असणारा तो कुशल. मूळ अर्थ बाधित झाला, दुसरा लागू झाला, आणि वापर इतका रुळला की पहिल्याची आठवण कोणाला राहिली नाही. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाला मात्र हे मान्य नव्हते. 'साहित्यदर्पणा'त त्याने घेतलेला आक्षेप असा, की शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त वेगळे आणि प्रवृत्तिनिमित्त वेगळे. शब्द कसा घडला यावरून तो कशासाठी योजला जातो हे ठरत नाही. 'निपुण' हाच 'कुशल'चा मुख्यार्थ आहे. तेथे लक्षणा शोधण्याचे कारण नाही.

हा वाद अलंकारग्रंथांच्या टीकांपुरता मर्यादित ठेवण्याचे वस्तुतः कारण नाही. शास्त्रीय परिभाषेच्या बाबतीत आपण सगळेच, बहुधा नकळत, विश्वनाथाच्या पक्षाला असतो. परिभाषा म्हणजे शुद्ध अभिधा. तेथे शब्दाला एकच नेमून दिलेला अर्थ असतो आणि त्या अर्थाला भूतकाळ नसतो, असे आपण गृहीत धरतो. म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकाने तांत्रिक संज्ञांकडे पाहण्याची गरज नाही असेही आपण मानत आलो. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची परीक्षा एका अगदी छोट्या शब्दसमूहाच्या आधारे करावयाची आहे. संगणकावर चालणारी एखादी आज्ञावली दूरच्या डेटाबेसशी जोडली जाते, त्याला काही विचारते आणि उत्तर घेऊन परत येते, या व्यवहारातील संज्ञांचा हा समूह आहे. प्रस्तुत लेखक भाषेचा विद्यार्थी आहे, संगणकशास्त्राचा नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे.

व्यवहार साधा आहे. बँकेतल्या खिडकीमागच्या कर्मचाऱ्यासमोर जो पडदा असतो, त्यावर चालणाऱ्या आज्ञावलीला 'क्लाएंट' म्हणतात. खात्यांच्या नोंदी जेथे ठेवल्या आहेत आणि जी आज्ञावली त्या राखते व पुरवते, ती 'सर्व्हर'. दोघांमध्ये जी वाट उघडते ती 'कनेक्शन' म्हणजे जोडणी. ती उघडी असेपर्यंतचा काळ हे 'सेशन'. विचारले जाते ती 'क्वेरी'. आणि दोघांची बोली जुळवून देणारा मधला दुभाषा हा 'ड्रायव्हर'. यांतला एकही शब्द या व्यवहारासाठी जन्माला आलेला नाही. प्रत्येक जण दुसऱ्या कोणत्या तरी घरातून आलेला आहे आणि येताना त्या घरातले नातेसंबंध घेऊन आलेला आहे.

'सर्व्हर'चे माहेर रांगेच्या गणितात आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या संभाषणांना संभाव्यतेचे शास्त्र लावून दाखवले. किती ग्राहक एकाच वेळी जोडणी मागतील, आणि त्यांना फार वेळ तिष्ठावे लागू नये यासाठी किती जोडणाऱ्या हव्यात, हा त्याचा प्रश्न होता. या लेखनात माणसे प्रत्यक्ष आहेत. जोडणी करून देणाऱ्या 'ऑपरेटर' आहेत. पुढे हे गणित रेल्वे, दुकाने, विमानतळ अशा कोणत्याही रांगेला लागू पडते हे लक्षात आले तेव्हा तितक्याच सर्वसाधारण शब्दांची गरज निर्माण झाली. केंडॉलने १९५० नंतरच्या काही वर्षांत रांगांच्या सिद्धान्ताला जे रूप दिले त्यात टेलिफोनची बाई उरली नाही. 'कस्टमर' आणि 'सर्व्हर' ही दोन पदे उरली. एका विशिष्ट नोकरदार स्त्रीची जागा एका अमूर्त स्थानाने घेतली. पुढे तेथे यंत्र बसवायचे झाले तेव्हा भाषेला काही वेगळे करावे लागले नाही, कारण जागा आधीच रिकामी करून ठेवलेली होती.

१९६९ साली अमेरिकेत आर्पानेट या संगणकजालाची जुळवाजुळव चालू असताना जी टिपणे फिरत होती, त्यांत 'सर्व्हर-होस्ट' आणि 'यूझर-होस्ट' असे जोडशब्द येतात. पाचव्या क्रमांकाचे, रुलिफसनचे टिपण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 'होस्ट' म्हणजे यजमान. म्हणजे सेवा देणारा संगणक एकाच वेळी यजमानही आहे आणि वाढपीही आहे! या विसंगतीचे तेव्हा कोणाला काही वाटले नसावे. महत्त्वाची गोष्ट ही, की दुसऱ्या टोकाला अजून 'यूझर', म्हणजे वापरणारा माणूस, नावापुरता का होईना, उभा आहे.

तो तेथून हलला तो झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात. इस्रायल, मिचेल आणि स्टर्जिस या तिघांनी १९७८ साली एका वितरित फाइलव्यवस्थेविषयी जो निबंध लिहिला त्यात 'क्लाएंट' हा शब्द त्यांनी मुद्दाम व्याख्या करून वापरला. कारण त्यांनी दिले आहे ते असे : वापरणारा माणूस वेगळा आणि जालातील त्याचा संगणक वेगळा, सेवेची मागणी करतो तो दुसरा, म्हणून त्याला स्वतंत्र नाव हवे. तांत्रिक दृष्ट्या ही भेदरेषा अगदी रास्त आहे. सर्व्हरला माणूस दिसत नाही, संदेश दिसतात, आणि जे दिसते त्यालाच नाव द्यावे ही शास्त्राची शिस्तही आहे. परंतु याच क्षणी मागणी करणारा म्हणून जो कर्ता वाक्यात येतो तो माणूस राहिलेला नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

'क्लाएंट' हा शब्द का निवडला गेला असावा? इंग्रजीत तो वकिलाकडे, वास्तुविशारदाकडे जाणाऱ्या माणसासाठी आहे; 'कस्टमर'पेक्षा त्यात अधिक टिकाऊ नाते आहे. त्याचे मूळ रोमन समाजव्यवस्थेत आहे. तेथला 'क्लिएन्स' हा स्वतंत्र नागरिक असला तरी एखाद्या प्रतिष्ठिताच्या आश्रयाला असे. सकाळी त्याच्या दारी हजेरी लावी आणि संरक्षण, सल्ला, प्रसंगी शिधा मिळवी. म्हणजे मूळ नात्यात क्लाएंट हा खालचा आणि देणारा हा वरचा. 'सर्व्हर'चे मूळ याच्या नेमके उलट : लॅटिनमधील 'सेर्वुस' म्हणजे गुलाम. आश्रित एका बाजूला आणि गुलाम दुसऱ्या बाजूला अशी ही जोडी आहे. दोघांपैकी वरचा कोण, हे शब्दांवरून ठरत नाही. विश्वनाथ येथे म्हणेल, की ठरवायचेच कशाला? आणि दैनंदिन वापरापुरते त्याचे म्हणणे मान्य करावे लागेल. एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो या चित्रपटल-व्यवस्थेत तर 'सर्व्हर' हा वापरणाऱ्याच्या टेबलावरच असतो, कारण पडदा आणि कळफलक यांची सेवा तो पुरवतो, आणि 'क्लाएंट' दूरच्या बलाढ्य यंत्रावर असू शकतो. नवशिके आजही येथे अडखळतात. शब्द स्थान सांगत नाही, भूमिका सांगतो. हे एकदा मान्य केले की गोंधळ मिटतो.

मराठीत मात्र या ठिकाणी एक विलक्षण गोष्ट दिसते. वकिलाच्या क्लाएंटला आपण 'अशील' म्हणतो. हा शब्द अरबीतून आलेला. तेथे 'असील' म्हणजे मूळचा, खरा. ज्याचे काम आहे तो स्वतः. 'वकील' म्हणजे त्याच्या वतीने बोलणारा. म्हणजे लॅटिन परंपरेत आश्रित असलेला माणूस अरबी-फारसी कचेरीच्या परंपरेत मूळ धनी आहे आणि बोलणारा हा केवळ त्याचा मुखत्यार. दोन संस्कृतींनी एकाच नात्याला दोन टोकांकडून नाव दिले. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून तो येथेच नोंदवून ठेवतो.

आता डेटाबेसकडे वळू. जालातल्या संगणकांच्या या शब्दांची जुळणी चालू होती त्याच सुमारास, 'विचारणे' या क्रियेचे स्वरूपच बदलून टाकणारा एक वाद वेगळ्या दालनात पेटला होता. जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६० नंतरच्या काही वर्षांत चार्ल्स बाखमनने 'इंटिग्रेटेड डेटा स्टोअर' उभारले. ही आद्य डेटाबेस-व्यवस्थांपैकी एक. १९७३ साली ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारताना त्याने जे व्याख्यान दिले त्याचे शीर्षकच आज्ञावलीकाराला नाविक ठरवणारे होते. कोपर्निकसाने पृथ्वी मध्यातून हलवून सूर्य तेथे बसवला. तसे आता संगणक मध्यातून हलवून डेटाबेस मध्यावर बसवायला हवा, असे त्याचे सांगणे होते. या मध्याभोवती आज्ञावलीकार एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीकडे दुवे धरून जातो. त्याला खाडी कोठे आहे, खडक कोठे आहे हे ठाऊक असते, आणि ते ठाऊक असणे हेच त्याचे कौशल्य. (कुशल!) रूपक भव्य आहे, पण त्यात माणूस आत आहे, पाण्यात आहे.

एडगर कॉड याला नेमके हेच नको होते. आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतून जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाच्या अगदी आरंभी अशी भूमिका येते, की मोठ्या विदापेढ्यांच्या भावी वापरकर्त्यांचे, आतली मांडणी माहीत असण्याच्या गरजेपासून, संरक्षण केले पाहिजे. 'संरक्षण' हे क्रियापद मला विशेष वाटते. ज्ञानाच्या सक्तीपासून संरक्षण! वापरणाऱ्याने काय हवे ते सांगावे. ते कसे मिळवायचे ते व्यवस्था पाहील. नाविकाला येथे किनाऱ्यावर उतरवून खिडकीपाशी उभे केले गेले. १९७४ च्या मे महिन्यात अ‍ॅन आर्बर येथे भरलेल्या कार्यशाळेत बाखमन आणि कॉड हे दोघे आपापल्या पक्षांसह समोरासमोर आले. त्याच कार्यशाळेत चेंबरलिन आणि बॉइस यांनी 'सीक्वेल' ही पृच्छाभाषा मांडली. एका व्यापारनाममुद्रेच्या अडचणीमुळे तिचे नाव पुढे आखडून 'एसक्यूएल' झाले. ज्याला आज्ञावली लिहिता येत नाही अशा माणसाला इंग्रजी वाक्यासारख्या वाक्यांत डेटाबेसला थेट विचारता यावे, ही त्या भाषेमागची आकांक्षा होती. हिशेबनीस, अभियंता, नगररचनाकार अशी माणसे तिच्या कर्त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

म्हणजे 'क्वेरी' या शब्दात एक बोलणारा माणूस गृहीत होता. पृच्छा आहे तर पृच्छक आहे. ही आकांक्षा फळाला आली नाही असे म्हणता येत नाही. ती उलटून आली. एसक्यूएल जगभर पसरली, पण ती माणसांनी बोलायची भाषा न राहता मुख्यत्वे एका आज्ञावलीने दुसरीशी बोलायची भाषा झाली. आज तिच्यातील बहुसंख्य वाक्ये कोणीही माणूस त्या क्षणी उच्चारत नाही. ती आधी लिहून ठेवलेली असतात; मोकळ्या जागा तेवढ्या भरल्या जातात, छापील अर्जासारख्या.

या उलटापालटीला यंत्रांच्या मांडणीने हातभार लावला. बेल प्रयोगशाळेतील काही संशोधकांनी १९७४ सालीच असे सुचवले होते, की डेटाबेसचे काम मुख्य संगणकावरून काढून स्वतंत्र, मागच्या बाजूच्या संगणकाकडे द्यावे. त्यांनी त्याला 'बॅक-एंड' म्हटले. वाडा जसा ओसरी आणि माजघर यांत विभागला जातो तशी ही विभागणी होती. पुढे कार्यालयांच्या टेबलांवर छोटे संगणक आले, ते एकमेकांना जोडले गेले, आणि १९८७ साली सायबेस कंपनीने बाजारात आणलेल्या उत्पादनाच्या नावातच 'सर्व्हर' हा शब्द बसला. संज्ञा आता विक्रीच्या पेटीवर छापली गेली. यानंतर तिच्याकडे रूपक म्हणून पाहणे जवळजवळ अशक्य झाले.

जोडणीच्या परिभाषेला व्याकरण मिळाले ते १९९२ च्या एसक्यूएल मानकात. १९८६ च्या पहिल्या मानकात जोडणी करण्याचे विधानच नव्हते. विचारणारा आधीच आत बसलेला आहे असे जणू ते धरून चालत होते. १९९२ मध्ये जोडा, तोडा आणि जोडण्यांमध्ये अदलाबदल करा अशी तीन विधाने आली, आणि त्यांच्यासोबत 'एसक्यूएल-क्लाएंट', 'एसक्यूएल-सर्व्हर', 'एसक्यूएल-सेशन', 'एसक्यूएल-एजंट' अशा व्याख्याबद्ध संज्ञाही आल्या. समीक्षक ज्या बारकाईने कवितेची ओळ वाचतो त्या बारकाईने हे जोडणीचे विधान वाचून पाहावे. त्याचा क्रम असा आहे : अमुक सर्व्हरशी जोडा, वाटल्यास या जोडणीला अमुक नाव द्या, वाटल्यास अमुक वापरकर्ता म्हणून जोडा. सर्व्हरचा उल्लेख अनिवार्य आणि पहिला. जोडणीचे नाव ऐच्छिक. आणि वापरकर्ता हाही ऐच्छिक व शेवटचा. वाक्य पूर्ण होण्यासाठी विचारणाऱ्याची गरज नाही. अर्थात तो सांगितला नाही तर व्यवस्था स्वतःच्या नियमाने एक नाव गृहीत धरते. निनावी प्रवेश मिळतो असा याचा अर्थ नव्हे. पण अनुक्त कर्ता आणि उक्त कर्ता यांतील भेद व्याकरणाच्या अभ्यासकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

याच मानकात 'वापरकर्ता' दाखवणारी तीन वेगवेगळी पदे आहेत : या क्षणी ज्याच्या अधिकाराने काम चालले आहे तो, हे सेशन ज्याच्या नावाने चालू आहे तो, आणि खालच्या यंत्रव्यवस्थेला जो दिसतो तो. तिघे एकच असतील असे नाही. आणि तिघांपैकी एकही माणूस असेल असेही नाही. विधाने प्रत्यक्ष घडवून आणतो त्याला मानक 'एजंट' म्हणते. म्हणजे मुखत्यार. वकील आला, पण अशील कोठे आहे याचे उत्तर द्यावे लागू नये अशी ही रचना आहे. तिच्यात कपट मुळीच नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मानकाने फक्त आपल्या कक्षेतले सांगितले, आणि माणूस त्या कक्षेच्या बाहेर राहिला.

ड्रायव्हर आणि हँडल यांविषयी थोडक्यात. १९९२ सालीच मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी ही जोडणीची रीत आणली आणि १९९७ मध्ये जावा भाषेसाठी जेडीबीसी आली. दोन्हींत प्रत्येक डेटाबेससाठी एक ड्रायव्हर आणि ओडीबीसीत त्यांच्यावर एक व्यवस्थापक. क्लाएंटच्या हाती प्रत्यक्ष जोडणी येत नाही. तिची मूठ, म्हणजे 'हँडल', तेवढी येते. दुभाषे, व्यवस्थापक, मुठी : कचेरी भरत चालली होती.

परंतु विचारणारा खऱ्या अर्थाने दिसेनासा झाला तो 'पूल' या शब्दापाशी. जोडणी उघडणे हे खर्चिक काम आहे. दोन्ही बाजूंनी हस्तांदोलन व्हायचे, ओळख पटायची, सर्व्हरने स्मृतीतली जागा राखून ठेवायची. पोस्टग्रेस या व्यवस्थेत तर प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया जन्माला घातली जाते, आणि काही बदल केला नाही तर अशा जोडण्यांची कमाल संख्या १०० असते. हजारो माणसे संकेतस्थळावर येऊ लागल्यावर प्रत्येकासाठी जोडणी उघडणे परवडेना. म्हणून मध्ये एक आज्ञावली बसवली गेली. ती मोजक्या जोडण्या उघड्या ठेवते, मागेल त्याला क्षणभर उसनी देते आणि परत घेते. गावच्या भांड्यांसारखी ही व्यवस्था आहे : लग्न कोणाचेही असो, पातेली तीच. पोस्टग्रेससाठीच्या अशा एका आज्ञावलीचे नाव मद्यगृहाच्या दारावरील दांडग्या राखणदारावरून, 'बाउन्सर' या शब्दावरून, घेतलेले आहे. जोडणी किती काळ उसनी द्यायची याच्या तिच्याकडे तीन रीती आहेत : पूर्ण सेशनभर, एका व्यवहारापुरती, किंवा एका विधानापुरती. दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीत 'सेशन' या शब्दाचा अर्थच फाटतो. सेशन म्हणजे लॅटिनमध्ये बसणे, आपल्याकडची बैठक. बैठक तीच राहते आणि बसणारे क्षणाक्षणाला बदलतात. आधीच्याने मांडून ठेवलेले सामान पुढच्याच्या पायात येते. जाणकार तशा सूचना देतातच.

परिणाम असा, की आज बहुतेक ठिकाणी डेटाबेसला एकच वापरकर्ता दिसतो, आणि तो वापरकर्ता म्हणजे मधली आज्ञावली. तिच्या मागे दहा माणसे आहेत की दहा हजार, हे त्याला कळत नाही. हे टाळण्याचे उपाय आहेत. ओरॅकलमध्ये मूळ माणसाची ओळख मधल्या जोडणीतून पुढे नेण्याची सोय आहे, इतरत्रही आहे. पण ती सोय आहे, ती गरज नाही. पोस्टग्रेसमध्ये जोडणाऱ्याची ओळख पटवण्याच्या पद्धतींपैकी एकीचे नावच 'ट्रस्ट', म्हणजे विश्वास, असे आहे. जो दारापर्यंत पोचला तो सांगेल तेच त्याचे नाव, असा तिचा अर्थ.

येथे विश्वनाथाच्या आक्षेपाकडे परत जायला हवे. शब्दांची मुळे मेली असतील तर त्यांवर इतका खल कशाला? याचे सर्वांत चांगले उत्तर या परिभाषेच्या अलीकडच्या इतिहासानेच दिले आहे. एका डेटाबेसची नक्कल दुसऱ्या यंत्रावर सतत होत राहते तेव्हा मूळ यंत्राला 'मास्टर' आणि नक्कल करणाऱ्याला 'स्लेव्ह' म्हणण्याची रीत अनेक वर्षे होती. २०१४ मध्ये जँगो या प्रकल्पाने आपल्या लेखनातून ही जोडी काढली. रेडिस या व्यवस्थेने २०१८ मध्ये नवी आज्ञा दिली. मायएसक्यूएलने २०२० मध्ये 'सोर्स' आणि 'रेप्लिका' हे शब्द स्वीकारले. वाद कडू झाला. हे केवळ तांत्रिक शब्द आहेत, असे एक पक्ष म्हणत होता. तो विश्वनाथाचाच पक्ष. दुसरा पक्ष म्हणत होता की ज्यांच्या आजी-पणजोबांना या शब्दाने विकले गेले त्यांना तो तांत्रिक म्हणून ऐकता येत नाही. पण गंमत अशी, की 'स्लेव्ह' गेला आणि 'सर्व्हर' राहिला. आणि 'सर्व्हर'च्या पोटात गुलामाचा लॅटिन शब्द जसाच्या तसा बसलेला आहे. त्याविषयी कोणी तक्रार केली नाही, आणि करण्याचे कारणही नव्हते. यावरून असे दिसते, की व्युत्पत्तिनिमित्त मेले आहे की जिवंत, हे व्युत्पत्ती ठरवत नाही आणि शास्त्रही ठरवत नाही. ऐकणाऱ्या समाजाची स्मृती ते ठरवते. मम्मट आणि विश्वनाथ यांच्या वादात ऐकणाऱ्याला स्वतंत्र स्थान नव्हते. ते द्यावे लागेल.

मराठी समाजाने या शब्दांना कसे ऐकले? परकी संज्ञा सरसकट बदलण्याचा उत्साह आपल्याकडे नवा नाही. शिवकाळात रघुनाथपंतांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला, आणि राज्यस्थापनेनंतर शासनाचा 'पदनाम कोश' १९६२ साली आला. संगणकाच्या क्षेत्रात 'डेटा'साठी 'विदा' हा नेटका शब्द काही लेखकांनी चालवला. मीही वर एकदा वापरला आहे. 'यूझर'ला 'वापरकर्ता' मिळाला, 'कनेक्शन'ला 'जोडणी'. पण 'सर्व्हर'ला 'सेवक' चिकटला नाही. त्याचे कारण सहज समजते. 'नगरसेवक' आणि 'लोकसेवक' हे शब्द मराठी माणसाने ज्या अनुभवातून ऐकले आहेत, त्यानंतर सेवक या शब्दाचा उपरोध यंत्राला लावण्याची त्याला गरज वाटली नसावी. त्याने 'सर्व्हर' तसाच ठेवला, पुल्लिंगी केला, आणि वाक्यात कर्तेपद दिले. सर्व्हर बसला. सर्व्हर घेत नाही. सर्व्हर डाऊन आहे. शिधापत्रिकेच्या दुकानापासून सातबाऱ्याच्या खिडकीपर्यंत ऐकू येणारी ही वाक्ये आहेत. यांतला सर्व्हर इंग्रजी अर्थाने सेवा देणारा नाही. तो खप्पामर्जी होणारा साहेब आहे. उलट 'क्लाएंट' हा शब्द सामान्य मराठीत या अर्थाने उतरलाच नाही. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी या परिभाषेत कोणतीही संज्ञा नाही. तो अशील खराच, पण ज्याला अशील म्हटले गेले ती खिडकीमागची आज्ञावली आहे.

काही वर्षांपूर्वी घरच्या एका वारसनोंदीचे काम पडले. उताऱ्यात आईच्या नावातील एक अक्षर बदलून गेले होते. ज्या कार्यालयात हे घडले त्याचे नाव सांगण्याची गरज नाही, आणि तेथील माणसे सौजन्याने वागली. आधीच्या उताऱ्यात नाव बरोबर होते, मग मध्ये कोणी बदलले, असे मी विचारले. "सर्व्हरने घेतलंय तसं," असे उत्तर मिळाले. लेखी अर्ज केल्यावर दीड महिन्याने बदलाच्या नोंदीची एक छापील प्रत हाती आली. तीत दिनांक होता. तास, मिनिट आणि सेकंदही होते. जुने नाव आणि नवे नाव शेजारी शेजारी होते. 'वापरकर्ता' या रकान्यात त्या आज्ञावलीचे नाव होते.

दुरुस्ती करून द्यायला त्यांनी जुना आधार मागितला, तेव्हा कपाटातून हस्तलिखित नोंदवही काढावी लागली. तिच्यात बरीच खाडाखोड होती, पण प्रत्येक खोडलेल्या शब्दाशेजारी कारकुनाची आद्याक्षरे आणि तारीख होती. १९९१ सालच्या एका दुरुस्तीखालची अक्षरे तेथल्या वयस्क शिपायाने पाहताक्षणी ओळखली आणि त्या गृहस्थांचे घर कोठे आहे तेही सांगितले.